आधी विचारा, मग झाकण उघडा

...आणि फोन तरी कधी यावा? मी मटाराच्या पिशवीमागे हात घालून बर्फ शोधत होतो तेव्हा! आता तुम्ही म्हणाल, बर्फ शोधण्यात कसलं आलंय एवढं? अहो, तुमच्या फ्रीजरमध्ये बर्फ असतो, आमच्या फ्रीजरमध्ये नाकतोडे असतात! एका डब्यात चतुर, एकात पतंग, आणि अगदी मागे आइस्क्रीमचा एक डबा, तो आमच्या हिने ठेवलेला, त्यात आइस्क्रीम सोडून काहीही असू शकतं. लेकीला किड्यांचा नाद, तो लावला तिच्या आईने, म्हणजे आमच्या हिनेच, आणि वर घरात कायदाही तिनेच केला : आधी विचारा, मग झाकण उघडा. माझ्या ताईने एकदा न विचारता उघडलं... ती अजून आमच्याकडे चहासुद्धा उजेडात धरून बघते आणि मग पिते.

तर फोन. प्रदर्शनाच्या मॅडम. "अहो, दरवर्षी मधाच्या टेबलावर खिडकीजवळची जागा तुमच्या मिसेसची असते. यंदा... म्हणजे, आम्हाला कळलं हो. ती जागा दुसऱ्या कुणाला देऊ का?"

मी म्हणणारच होतो, देऊन टाका. तोंड उघडलं होतं! तेवढ्यात मागून, "नाही!" कोण? लेक! तुम्हाला सांगतो, आई गेल्यापासून जिने घरात 'हं' आणि 'उंहू' यापलीकडे शब्द खर्च केला नव्हता, ती एका दमात म्हणाली, "आईचा मध ठेवायचा. आणि मुलांच्या विभागात माझी किड्यांची पेटी पण." हसणं अजून दूर होतं, पण वाक्य! अख्खं वाक्य! मी काय म्हणणार? म्हटलं, "मॅडम, जागा राहू द्या."

राहू द्या म्हणायला काय जातं? मध कुठे होता? मधमाश्या शेजारच्या काकांना देऊन टाकलेल्या. माश्यांना माझा वास आवडायचा नाही, मला त्यांचा स्वभाव. उरली होती एकच बरणी, हिच्या हातची शेवटची, आणि तीही गोठून साखरेसारखी पांढरी झालेली! प्रदर्शनात मध कसा लागतो? पलीकडचं दिसेल इतका नितळ. म्हणजे बरणी कोमट पाण्यात ठेवायची, पाणी निवलं की बदलायचं, आणि जरा जास्त तापलं की मध काळवंडला, वास गेला, संपलं! दुसरा आणणार कुठून? कुणाच्या हातचा?

घरात थर्मामीटर एकच, तापाचा. पातेल्यापाशी स्टूल टाकून मी बसलो. ताई आली. "कुणाला ताप आहे रे?"

"मधाला."

"...जास्त आहे?"

"नाही, आता बरा आहे."

ताईने माझ्याकडे बघितलं, पातेल्याकडे बघितलं, आणि गॅलरीत जाऊन हळू आवाजात दाजींना फोन केला.

आणि किडे! माझं चष्म्याचं दुकान. दिवसभर नखाच्या टोकाएवढे स्क्रू फिरवतो, म्हणून लेकीने मलाच जुंपलं. टाचणी भुंग्याच्या पाठीत मधोमध नाही टोचायची, जरा उजवीकडे. फुलपाखराचे पंख कागदी पट्ट्यांखाली पसरून वाळवायचे. प्रत्येकाखाली चिठ्ठी : कुठे सापडला, कधी, कुणाला. "बाबा, श्वास सोडू नकोस, पंख उडेल!" अगं, मग काय करू? "हळू सोड!" इतका हळू श्वास मी लग्नाच्या फोटोतसुद्धा सोडला नव्हता.

शेवटी राहिला शिंगवाला भुंगा. पेटीचा राजा! पुरता मरायला त्याला फ्रीजरमध्ये आणखी वेळ हवा होता, पण मला मटाराला जागा हवी होती ना! गार पडलेला, पाय आखडलेले, मला वाटलं झालं याचं. उचलला, काड्यापेटीत घातला, म्हटलं प्रदर्शनातच टोचू. लेकीला बोललो? नाही! कायदा काय होता? आधी विचारा!

प्रदर्शनाचा हॉल. खिडकीत आमची बरणी. ऊन आरपार, अगदी नितळ! परीक्षक आले, हातात चमचा. त्यांनी झाकणाला हात घातला मात्र, आणि माझ्या तोंडून गेलं, "आधी विचारा!"

परीक्षक चमचा वर धरून म्हणाले, "कुणाला?"

तुम्हाला सांगतो, इतका साधा प्रश्न... मी बरणीकडे बघितलं. खिडकीकडे बघितलं. जिला विचारायचं, ती...

"मला विचारा," लेक म्हणाली.

"बरं बाई, उघडू?"

"उघडा."

त्यांनी एक चमचा घेतला, डोळे मिटले, बराच वेळ उघडलेच नाहीत. मग म्हणाले, "सुरेख! पण वर एक बुडबुडा आहे. दुसरा नंबर." एका बुडबुड्यासाठी! अहो, तो मीच दमून टाकलेला उसासा असेल!

मग किड्यांच्या टेबलावर. "ही जागा रिकामी का? चिठ्ठी तर आहे." मी ऐटीत काड्यापेटी पुढे केली, लेकीने घेतली... अर्धी सरकलेली, रिकामी! आणि मला भुंगा दिसला, उबेने जागा झालेला. परीक्षकांच्या कोटावरून सावकाश, एकेक पाय टाकत, कॉलरकडे निघालेला.

लेक म्हणाली, "तो... तो गेला."

आमच्या घरी सहा महिने लोक हा शब्द मान खाली घालून म्हणत होते. आणि ती पुढे म्हणते, "काका, तुमच्या कॉलरवर गेला!" आणि हसली. म्हणजे कशी, टेबलाला धरून खाली बसली! परीक्षक नाचतायत, मॅडम पुठ्ठ्याने वारा घालतायत, आणि ही हसतेय, अगदी आईसारखी, मध्येच श्वास अडकवून. मग तिने त्याला बोटावर घेतला आणि मधाच्या खिडकीतून सोडून दिला. पेटीचा नंबर गेला. जाऊ द्या हो! सहा महिन्यांत पहिल्यांदा मी श्वास सोडला, आणि हळू नाही, चांगला मोठ्याने!

घरी येऊन फ्रीजर उघडला. मागे तो आइस्क्रीमचा डबा. आता कायदा माहीत झालाय, विचारलं लेकीला, "उघडू का?"

तिने डबा परत मागे सरकवला. म्हणाली, "राहू दे, बाबा."

तर बर्फाला अजून जागा नाही. सरबत आम्ही कोमटच पितो. आणि तो डबा अजून उघडलेला नाही.