डाव्या हाताची सुरी

— नाय हो ताई, उगाच कशाला फसवू तुमाला, मी आता नाय करत हे काम. बोईसरच्या धारवाल्यानं पाठवलं ना? त्यानं अर्धंच सांगितलं. बनवायचे मी सुऱ्या, बनवायचे, पण सोडलं ते. बसा, एवढ्या उन्हातून आलात, पाणी घ्या. ती विहिरीमागची शेड दिसते ना — तिथं भट्टी होती माझी. आता आमचे हे तिथं पानांच्या करंड्या ठेवतात. आमचा पानमळा हाय, केळव्यात निम्म्या घरांचा असतोच, तसा आमचापण. सुऱ्या म्हणजे हौस नुसती. लॉकडाऊनात वाडीतलं काम आटोपलं की बसायचं काय करत? मोबाईलवर एक माणूस ट्रकच्या कमानपाट्यातनं सुरी घडवताना बघितला आणि वेड लागलं. लोखंड लाल होतं ना, ते बघत राहावंसं वाटतं. हे हसले, पण भट्टी त्यांनीच बांधून दिली हो मला, भातगिरणीचा जुना पंखा आणून लावला तिला. असं कुणाचा नवरा करतो? पण ते राहू दे. तुमच्या सुरीला झालंय काय — कापताना बाजूला जाते? काकडी सरळ कापायला घेतली की तिरकी चकती पडते? धारवाल्यानं दोनदा धार लावूनपण तेच? बघू. दाखवा तर खरं.

...

ही कुणाची? म्हणजे तुमची, ते कळलं — तुमाला दिली कुणी? थांबा, नका सांगू, मला जरा बघू दे. उजेडात येऊ दे. हां. दोष नाय हिच्यात ताई. काय दोष नाय, पातं ठणठणीत हाय. ही डाव्या हाताची सुरी हाय. हे बघा, बोट फिरवा — जपून — धार एकाच बाजूनं घासलीय, डावीकडून. उजवी बाजू सपाट. तुमी उजव्या हातानं धरणार, मंग ती ओढणारच तुमाला. मुद्दाम केलीय तशी. कुणी केलीय कसं सांगू... मी केलीय. मूठ बघू नका, मुठीवर ते ‘चा’ कोरलंय ते बघू नका, पातं माझं हाय. माझ्या भाग्येशसाठी केलेलं. मुलगा माझा, बोटीवर स्वयंपाकी हाय, मोठ्या बोटीवर, आठ-आठ महिने घरी नाय. डावखुरा. लहानपणी शाळेत मार खायचा त्यावरून. तो म्हणाला, आई, मासळीचे पातळ काप काढायची सुरी मिळते ती सगळी उजव्या हातवाल्यांची, मला एक करशील? तोवर मी कुणासाठी म्हणून मुद्दाम असं काय केलं नव्हतं. किती पाती वाया घालवली ह्याच्यासाठी, एका बाजूनं घासायचं म्हणजे पातं तापून वाकतं, वाकलं की टाकून द्यायचं. शेवटी एक जमलं. हे.

तुमाला दिली चारुतानं ना? मान हलवली नाय तरी कळलं मला, ते ‘चा’ तिचंच. चारुता माझी जाऊ, धाकटी. माझ्या दिराची, रूपेशची बायको. रूपेश तारापूरला कंपनीत, म्हणून ती दोघं बोईसरला राहतात, पण सणावाराला सगळं इथंच. आमी दोघींनी मिळून सुरू केलेलं हे. लोखंड माझं, लाकूड तिचं. तिला मुठी काय सुंदर जमायच्या — चिंचेचं लाकूड घ्यायची, घासून घासून असं करायची की हातात आपोआप बसायचं. मी पातं करून पाठवायचं, तिनं फ्लॅटच्या गॅलरीत बसून मूठ लावायची. बहीण नाय मला, तीच बहीण. हे पातंपण तसंच पाठवलं तिच्याकडं. भाग्येश बोटीवर जायच्या आधी मूठ लावून दे म्हटलं.

आणि एक दिवस ती आली रडत. वैनी, हातातनं सुटली, लादीवर पडली, दोन तुकडे झाले. मी म्हटलं तुकडे कुठं हायत? तर म्हणते टाकून दिले, तुमाला बघवले नसते. बघा, माझ्याच भल्यासाठी. आता तुमाला सांगते, चांगलं पातं लादीवर पडून मोडत नाय. टोक उडेल फार तर. दोन तुकडे होतात म्हणजे पाणी चुकलं — पाणी देणं म्हणजे लाल पातं तेलात बुडवून कडक करायचं, मंग परत मंद भाजून जरा नरम आणायचं. ते भाजणं कमी पडलं की पातं काचेसारखं. म्हणजे चूक माझी. तिनं नाय म्हटलं तसं, मीच म्हटलं. मीच तिची माफी मागितली हो! तिची! की मी तुला असलं पातं दिलं, तुझ्या पायावर पडलं असतं तर. आणि तिनं मला जवळ घेतलं, डोक्यावरनं हात फिरवला, म्हणाली जाऊ द्या वैनी, होतं असं. तो हात... मला अजून आठवतो तो हात.

भाग्येश दुकानातली सुरी घेऊन गेला. मंग माझं मनच उडालं. वाटायचं, आजवर लोकांना दिलेल्या सुऱ्यापण अशाच असतील, कुणाच्या हातात मोडतील, कुणाच्या डोळ्यात तुकडा जाईल. झोप लागायची नाय. एकदोघांकडनं तर मागून परत आणल्या. उरलेली पाती, घासायचा पट्टा, ग्राइंडर, सगळं चारुतालाच दिलं, म्हटलं तुला होईल. ह्यांनी भट्टी काढली. मी सांगितलं नव्हतं, एक दिवस मी पालघरला गेले होते, आले तर जागा साफ. म्हणाले, रोज बघून रडतेस, नसलेली बरी. मला वाटलं, किती समजतं ह्यांना.

तुमी का रडवेल्या होताय? तुमी काय केलंय? तुमाला भेट मिळाली, तुमी घेतली. वास्तुशांत होती का तुमची? आणि तुमचे मिस्टर तिथंच कंपनीत — म्हणजे तुमी रूपेशच्या साहेबांच्या घरातल्या! असं हाय होय. रूपेश तेव्हा कंत्राटावर होता, कायम करतील की काढतील ह्याची धाकधूक. कायम झाला तो. पेढे आमी वाटले इथं, मीच वाटले, घरोघर फिरून. आता समजतं. साहेबांच्या घरी बाजारातलं काय न्यायचं, म्हणून हातानं केलेलं न्यायचं. बरोबर हाय. मला सांगितलं असतं तर मी दिली नसती का? दिली असती.

नाय. ही नसती दिली. खोटं कशाला बोलू. दुसरी करून दिली असती, रात्रंदिवस बसून दिली असती, पण ही नसती दिली. तिला ते ठाऊक होतं. तेवढी ओळखते ती मला.

नको नको, ठेवून घ्या असं नका सांगू मला. तुमाला दिलेली वस्तू तुमची. आणि भाग्येशला काय सांगू मी, कुठनं आली म्हणून? नात्यात मिठाचा खडा पडेल. चारुताला मी विचारीन माझं मी. एकटीनं केलं तिनं, एकटीला विचारीन, घरात कुणाला कळायला नको. ह्यांना तर मुळीच नको, भावावर ह्यांचा फार जीव, ह्यांना हे सहन —

काय म्हणालात?

तिघं आले होते? वास्तुशांतीला? तिसरं कोण? ... पानांची करंडी घेऊन. हो, पूजेला पानं लागतात. मोठे दीर म्हणून ओळख करून दिली. उंच, कपाळावर व्रण. मंग तुमी खोका उघडलात तेव्हा ते तिथंच होते? समोर? हातात घेऊन बघितली त्यांनी? ... काय म्हणाले? नाय, सांगा, नीट आठवून सांगा, जसं म्हणाले तसं.

‘आमच्याच घरात बनलीय.’

हं.

खोटं नाय बोलले ते.

...

ताई, तुमी निघा आता. नाय, चहा नको, नंतर कधी. ती सुरी तशीच पिशवीत नका टाकू, फडक्यात गुंडाळा. ते बाजारातनं येतील एवढ्यात, आणि तुमी ओळखीच्या निघाल तर दारात बोलत उभे राहतील, हसतील, बसा म्हणतील. मला ते आज बघायचं नाय. वाडीतनं सरळ खाली जा, उजवीकडं रिक्षा मिळेल. जा.