पडवीवरचे कवेलू

मानोऱ्याच्या स्टँडवर गाडी काही येईना. चुळबुळत उभ्या भागिरथापुढं एक जोडपं घरच्या पडवीच्या कौलांवरून हुज्जत घालत होतं.

“यंदा कवेलू काढून टिनं टाकतोच. गळनं नाही, वानराचा तरास नाही. बाराही महिने आराम.”

“उन्हाळ्यात पोळते टिन.”

“वरून कपाशीच्या पऱ्हाट्या टाकू. तू काहून आडवी येऊन राह्यली, सांग ना सरळ.”

“मिरगाच्या आंधी कवेलू फेराले कोन येते?”

“देवमन.”

“वाटनी झाल्यापासून तुमचा भाऊ दुसऱ्या कोनत्या कामाले आला आपल्या घरी?”

“कोनत्याच नाही.”

“बोलत नाही तुमी दोघं. पन तो वर बसते, अन् तुमी खालून एकेक कवेलू त्याच्या हाती देता.”

गाडी आली. भागिरथानं पिशवी उचलली, पण पुढचं ऐकायला पाऊल टाकलं नाही.

“मंग टिनाचं काय?” बायकोनं विचारलं.

“गळू दे यंदा.”