आत्याला दाखवायची सोनोग्राफी

चतुराबाई : आणखी एक गिलास पी.

सिंधु : आत्या, आता डोळ्यांतून यायला लागेल.

चतुराबाई : यायलंय तर येऊ दे. काउंटरवरची बाई काय मनली? पोट टम्म पाहिजे, न्हाईतर मशिनीत काहीच दिसत न्हाई. सांडू नको. उदगीरपासून मांडीवर कॅन धरून आणलंय मी ते. एस्टीत एक जण मनला, मावशी, एक घोट द्या. मनलं, न्हाई बाबा, हे तपासणीचं पाणी हाय. त्यो उठून दुसऱ्या सीटवर जाऊन बसला.

सिंधु : दवाखान्यानं ठेवायला पाहिजे ना पाणी.

चतुराबाई : कुठून ठेवतील? पाटी तर तूच वाचून दाखवलीस.

सिंधु : 'सोनोग्राफीचे पाणी पेशंटने घरून आणावे.' खाली लिहिलंय, 'उरलेले फेकू नये.'

चतुराबाई : बरोबरच हाय. सगळ्या लातूरला रेल्वेनं पाणी यायलंय, अन् इथं बाया ते पिऊन मांड्या आवळून बसल्यात. तुझ्याच रेल्वेनं आणलं न्हवं?

सिंधु : मी नांदेडच्या ऑफिसात पगारबिलं करते, आत्या. पाणी मी नाही आणलं.

चतुराबाई : खातं तर एकच. मी गावात सांगून ठेवलंय, माझ्या सुनेच्या रेल्वेनं लातूरला पाणी पाजलं.

सिंधु : मी सून झालेली नाही अजून.

चतुराबाई : जन्मलीस तवाच झालीस. तुझ्या बारशाला तुझ्या तोंडात साखर घातली, अन् तुझ्या बापाला मनलं, व्यंकटी, ही माझ्या नरसिंगची. त्यो हाव मनला. भाऊ हाव मनला की संपलं.

सिंधु : मला विचारलं होतं?

चतुराबाई : तू साखर चाटत व्हतीस. नको असती तर थुकली असतीस.

सिंधु : आत्या, तुला आज मी कशाला बोलावलं, सांग बरं.

चतुराबाई : सोबतीला.

सिंधु : डॉक्टरबाईच्या तोंडून ऐकावंस म्हणून. मी सांगितलं की तू हसण्यावारी नेतेस. पुढच्या महिन्यात तारीख धरायची म्हणतेस, त्याआधी कळलेलं बरं. मग तुझं तू ठरव. नरसिंगला काय, कुणीही चांगली पोरगी मिळेल.

चतुराबाई : काय ऐकू? पोटात दुखतंय, एवढंच ना?

सिंधु : दुखण्याचं सोड. तीन-तीन, चार-चार महिने पाळी येत नाही मला.

चतुराबाई : बरंच हाय की. ह्या दुष्काळात तेवढंच पाणी वाचतं.

सिंधु : आणि आली की पंधरा-पंधरा दिवस थांबत नाही. ऑफिसात काळ्या रंगाशिवाय दुसरा ड्रेस घालायची सोय नाही. साहेब विचारतात, मॅडम, घरी काही दुःखद?

चतुराबाई : हे तर नळावाणीच झालं. आधी येतच न्हाई, अन् आला की गल्लीभर.

सिंधु : हसू नको. हनुवटीवर केस येतात. दर रविवारी दोरा लावून काढते. मागं ऑफिसातला एक जण म्हणाला, मॅडम, तुमच्याशेजारी बसलं की मलाच बाईमाणूस झाल्यासारखं वाटतं.

चतुराबाई : कोण हाय त्यो? नाव सांग. नरसिंगला पाठवते.

सिंधु : बदली झाली त्याची.

चतुराबाई : बरा वाचला. अन् केसाचं कौतुक मला काय सांगायलीस? हे बघ. हात लाव. आगं लाव, चावत न्हाई. बोटाला राख लावून उपटते मी, तरी परत हाजीर. तुझी आजी कस्तुराबाई, तिला तर मिशा व्हत्या. पंचायतीत भांडण झालं की बापे आधी तिच्या तोंडाकडं बघायचे. आपल्या घराण्याचं हाय ते. शेत भावांला मिळालं, दाढी आपल्याला.

सिंधु : आत्या, हा आजार आहे. पीसीओएस म्हणतात त्याला. दोन्ही अंडाशयांत गाठी असतात. पोरं होत नाहीत.

चतुराबाई : न्हाईच?

सिंधु : नाहीच म्हण.

चतुराबाई : कोण मनलं?

सिंधु : मोबाइलवर आहे सगळं.

चतुराबाई : मोबाइल तर असंबी मनला व्हता की उदगीर जिल्हा झाला. नरसिंगनं गावभर पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी कळलं, न्हाई झाला. आता पेढे कोण वापस देतं?

सिंधु : जिल्ह्याचं आणि माझ्या पोटाचं काय नातं?

चतुराबाई : हेच की. दोन्हीची आवई उठते, कागद कुणी बघत न्हाई. नरसिंग दर सोमवारी तहसीलपुढं उपोषणाला बसतो. दुपारी डबा खाऊन जातो अन् संध्याकाळी भूक लागली मनून परत येतो. मनतो, जिल्हा झाला की कलेक्टर हापिसाला पाण्याचा टँकर माझाच. दोन टँकर झाले त्याचे. पाऊस आणखी लांबला तर तिसरा.

सिंधु : म्हणजे तुझ्या घरी बरकत यायची तर गाव कोरडं राहायला पाहिजे.

चतुराबाई : पाऊस त्यानं थोडाच धरून ठेवलाय? उठ, तुझं नाव पुकारायलेत. हळू. हिंदकळू नको.

(आतली खोली. पडदा ओढलेला. सिंधु टेबलावर आडवी. चतुराबाई तिच्या उशाशी उभी, बाहेर थांबा असं दारात सांगितलेलं असूनही.)

डॉक्टरबाई : नातेवाइकांनी बाहेर थांबायचं.

चतुराबाई : मी नातेवाईक न्हाई. आत्या हाय. अन् सासूबी.

डॉक्टरबाई : दोन्ही?

चतुराबाई : हाव.

सिंधु : राहू द्या त्यांना, मॅडम. त्यांच्यासाठीच करून घेतेय मी हे.

डॉक्टरबाई : बरं. एकाच ठिकाणी उभ्या राहा पण. जेल थंड लागेल हं. श्वास सोडा. थोडं दाबते.

सिंधु : जपून दाबा, मॅडम. नाहीतर लातूरचा पाणीप्रश्न इथंच सुटेल.

डॉक्टरबाई : रोज ऐकते मी हा विनोद. दुष्काळ पडल्यापासून प्रत्येक पेशंटला सुचतो. हलू नका.

चतुराबाई : काय दिसायलंय? मला तर बिघडलेल्या टीव्हीवाणी मुंग्याच दिसायल्यात.

डॉक्टरबाई : हे गर्भाशय. नीट आहे. हे डावं अंडाशय. आकारानं थोडं मोठं. कडेकडेनं काळे ठिपके दिसतात बघा, माळेसारखे?

चतुराबाई : हाव, हाव. द्राक्षाच्या घडावाणी. काय हाय त्यात?

डॉक्टरबाई : पाणी.

चतुराबाई : पाणी! आगं माय माय माय! आमच्या शिवारात बोअर मारून मारून नुसती धूळ निघायली, अन् हिच्या पोटात जागोजाग पाणी लागलं!

सिंधु : आत्या, गंभीर असतं ते. मॅडम, तुम्हीच सांगा. गंभीर आहे ना?

डॉक्टरबाई : गंभीर नाही. चिवट आहे. ह्या खऱ्या अर्थानं गाठीसुद्धा नाहीत. बीज अर्धवट वाढतं, पूर्ण पिकून बाहेर पडत नाही, तिथंच अडून बसतं. म्हणून पाळी लांबते. पुरुषी संप्रेरक थोडं जास्त असतं, म्हणून केस येतात. रक्त तपासू. साखरेवर लक्ष ठेवावं लागेल, पुढं डायबिटीस होऊ शकतो. गोळ्या देते, पाळी नियमित ठेवायची. चालायचं. जन्मभर सोबत राहील, पण जिवावर उठणार नाही.

चतुराबाई : नवऱ्यावाणी.

सिंधु : आणि मुलं? मुलांचं सांगा. स्पष्ट सांगा, मी तयारी करून आलेय.

डॉक्टरबाई : होतात की. कुणाला आपोआप, कुणाला थोडं औषध घेऊन. माझ्या जावेला हेच आहे. तिची तीन पोरं दर सुट्टीला येऊन माझा फ्रिज रिकामा करून जातात.

सिंधु : पण काहींना होत नाहीत, असंही असतं ना?

डॉक्टरबाई : असतं.

सिंधु : मग ते जरा मोठ्यानं सांगा ना.

डॉक्टरबाई : पेशंट रडत येतात आणि चांगलं काहीतरी सांगा म्हणतात. वाईट सांगा म्हणून हटून बसलेल्या तुम्ही पहिल्याच.

चतुराबाई : डॉक्टरबाई, नांदेडचा एक डॉक्टर हिला मनला व्हता, लग्न केलं की बरं व्हतं हे. खरं हाय?

डॉक्टरबाई : लग्नानं बरा झालेला आजार मी अजून पाहिलेला नाही. लग्नानं झालेले पुष्कळ पाहिलेत. पुसा, ताई, आणि उठा. बाथरूम उजवीकडं. बादलीत आहे तेवढ्यातच भागवा.

(बाहेरचा बाक. सिंधु बाथरूममधून येते.)

चतुराबाई : आलीस? ये, बस. तुझ्यासाठी बाकावर जागा धरून ठेवली. हलकं वाटायलंय का?

सिंधु : शरीरानं.

चतुराबाई : मग? ऐकलं न्हवं? पोरं व्हतात. उगं जिवाला घोर लावून घेतला व्हतास. व्यंकटीला फोन लाव, तारीख धरू.

सिंधु : आत्या, थांब. तुला खरंच भीती नाही वाटली? ती म्हणाली असती, होणारच नाहीत, तर?

चतुराबाई : मला कसली भीती? मला नरसिंग कसा झाला, तुला कुणी सांगितलं न्हाई? लई वर्सं कूस उजवली न्हाई माझी. सासूनं दर अमावस्येला सटवाईपुढं बसवलं. शेवटी माझ्या मालकासाठी दुसरी पोरगी बघून आले. तिला लुगडं घ्यायला मलाच पाठवलं.

सिंधु : तुलाच?

चतुराबाई : दुकानदार माझ्या माहेरचा व्हता. मनले, चतुराला सस्त्यात देईल. मीबी घासाघीस करून आणलं. निळं व्हतं, चांगलं. अन् त्याच महिन्यात मला उलट्या सुरू झाल्या. पोरीकडच्यांला न्हाई मनून कळवलं. लुगडं मग मीच फाडलं नेसून नेसून.

सिंधु : कधी बोलली नाहीस.

चतुराबाई : काय बोलायचं? पण तवाच मनात धरलं, माझ्या उंबऱ्यात जी यील, तिची पाळी कुणी मोजणार न्हाई. आपल्या घराण्याच्या पोरीला हे असंच असतं, मला ठावं व्हतं. मनून तर बारशातच मागून घेतलं तुला. दुसऱ्याच्या घरी गेलीस तर तिथं कसली सासू निघंल, काय सांगावं?

सिंधु : आत्या, गप्प बस जरा.

चतुराबाई : कामून?

सिंधु : तू इतकं चांगलं बोललीस की मला बोलता येईना.

चतुराबाई : मग वाईट बोलते. म्हशीवाणी सुटलीस.

सिंधु : हां. आता जमेल. मला नरसिंगशी लग्न करायचं नाही.

चतुराबाई : पोराबाळाचं मनून? आत्ताच तर ती मनली—

सिंधु : त्यासाठी नाही. डझनभर होणार असती तरी नसतं केलं.

चतुराबाई : टँकर चालवतो मनून?

सिंधु : नाही.

चतुराबाई : दुसरा कुणी हाय?

सिंधु : कुणी नाही गं. असता तर त्याच्याच नावावर ढकललं असतं. नरसिंग चांगला आहे. पण लहानपणी गोट्यांत हरला की माझ्याच परकराला नाक पुसून रडायचा तो. मला तो नवरा वाटत नाही. मी प्रयत्न करून पाहिला. मागं नांदेडला आला होता, तेव्हा दिवसभर त्याच्याकडं बघत बसले, काही वाटतं का म्हणून. तो जेवताना मचमच करतो, एवढंच कळलं.

चतुराबाई : ते तर करतो. बापावर गेलाय.

सिंधु : अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, शब्द बहिणीला दिलाय, तिनं सोडला तरच सुटेल. आता तुझ्याशी मी कशी भांडू? म्हणून म्हटलं, आजाराला पुढं करावं. इतकी वर्षं लपवला तो. गोळ्या पावडरच्या डब्यात, दोरा उशीखाली. निदान एकदा तरी माझ्या उपयोगी पडेल, असं वाटलं.

चतुराबाई : अन् नीट आजारीबी न्हाईस तू.

सिंधु : नाही ना.

चतुराबाई : ते कॅन दे इकडं. उरलेलं फेकू नये मनलंय.

सिंधु : आत्या, बोल ना काहीतरी.

चतुराबाई : काय बोलू? दुसऱ्या टँकरवर नाव लिहून घेतलंय त्यानं. मागच्या बाजूला. 'सिंधु वॉटर सप्लाय'. पेंटर मनला, बायकोचं नाव का? तर त्यो लाजला. एवढा मोठा घोडा, अन् लाजला.

सिंधु : मला माहीत नव्हतं.

चतुराबाई : त्यानं सांगितलं न्हाई कुणाला. मी बघितलं, टँकर धुताना.

सिंधु : त्याला मी सांगेन. समोर बसून सांगेन.

चतुराबाई : सांग. पोटाचं, गाठीचं काही लावू नको त्यात. त्याला वाटंल, दवापाणी केलं की व्हशील तयार. वाट बघत बसंल येडं.

सिंधु : नाही लावणार. आणि अण्णांना?

चतुराबाई : त्याला मी. शब्द माझा हाय, मीच सोडणार. तू मधी तोंड घालू नको. मनेन, माझ्याच मनातून उतरलं.

सिंधु : सगळे तुझ्यावर चिडतील. अण्णा तर बोलणार नाहीत तुझ्याशी.

चतुराबाई : माझ्या वाट्याचं शेत खाऊन बसलाय त्यो, एवढं सोसंल.

सिंधु : आणि तू? तू रागावलीस माझ्यावर?

चतुराबाई : रागावले तर. लई रागावले. हात दे, जिना लई उभा हाय.