बक्षिसाचा कुकर

आमच्या घरातला हा कुकर बक्षिसाचा आहे. लग्न होऊन पाच महिने झाले होते आणि माहेरी जायचं नाव काढायची माझी हिंमत होत नव्हती. तेवढ्यात कळमनुरीच्या आमच्या गल्लीत शाळेच्या गुरुजींनी वीज वाचवायची स्पर्धा लावली. महिनाभरात ज्या घराचे युनिट सगळ्यात जास्त उतरतील, त्या घराला कुकर.

सासूबाई मला म्हणाल्या, "तू आल्यापासून युनिट वाढूनच राहिले. मिक्सर काय, इस्त्री काय. महिनाभर कुरुंद्याला आईकडं जाऊन ये."

मी लगेच पिशवी भरली.

बक्षीस देताना गुरुजींनी विचारलं, "काकू, काय युक्ती केली?"

"युक्ती कशाची? सून माहेरी धाडली."

सगळे हसले. मागं बसलेल्या गल्लीतल्या सुना तेवढ्या हसल्या नाहीत. त्या गुरुजींना विचारत होत्या, पुढची स्पर्धा कधी आहे.