तिसऱ्या खुंटीची रुंदी

धाकटी : कुठे आठ फूट, कुठे नऊ. एका माणसाच्या पायवाटेचा ट्रकचा रस्ता करून ठेवलाय तुम्ही लोकांनी.

ताई : ‘तुम्ही लोकांनी’ कशाला? सरळ ‘ताईने’ म्हण की.

धाकटी : बरं, ताईने. जंगलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अडतीस दिवस चाललीस, ठीक आहे. पण मधेच मोठी वाट सोडून तळ्याकडे वळलीस आणि फोटो टाकलास. तेव्हापासून जो तो तळ्याकडेच वळतोय. चिखल लागला की गवतात शिरतात, आणि त्याच गवतात टिटव्यांची अंडी असतात.

ताई : मला कुठे माहीत होतं?

धाकटी : तुला काही माहीत असावंच लागत नाही. आई तुझा तो फ्रेममधला फोटो रोज पुसते. माझं प्रगतिपुस्तक फ्रीजमागे पडलंय, ते काढायला कुणाला वेळ नाही.

वनरक्षक काका : घरचं भांडण चौकीत नको. उद्या दुपारी कागद वरच्या ऑफिसात द्यायचाय. तळ्याच्या वाटेवर सहा खुंट्या, सहा ठिकाणची रुंदी. आकडे पटले तर पिल्लं उडेपर्यंत तळ्याची वाट बंद.

ताई : बघू ती मोजणीची वही. काका मला कधी देत नाहीत, हिला बरी मिळते.

धाकटी : मी दर रविवारी येते. तू एकदा आलीस, तीही हार घालून घ्यायला.

ताई : तिसऱ्या खुंटीपाशी नऊ फूट?

धाकटी : वाचता येतं ना?

ताई : अगं, तिथे दोन्ही बाजूंना कातळ आहे. मी बॅग उतरवून हातात धरली, तेव्हा कुठे निघाले. कातळ बाजूला सरकला की काय?

काका : बाळा, तू तिथे गेली होतीस ना?

धाकटी : पाच ठिकाणी गेले होते.

काका : मी तिसरीचं विचारतोय.

धाकटी : नाही गेले. चौथीचा आकडा तिथे उतरवला.

काका : का पण?

धाकटी : त्या कातळावर कुणीतरी रंगाने हिचं नाव लिहिलंय. हे एवढं मोठं. दर रविवारी तेच वाचायचं का मी? म्हणून वरून वळसा घातला.

काका : वरून म्हणजे गवतातून?

धाकटी : ...हो.

काका : एक आकडा खोटा निघाला की साहेब सगळा कागद परत पाठवतात. मग वाट उघडीच राहते. कळतंय का?

धाकटी : कळतंय. सकाळी जाऊन मोजून येते.

ताई : टेपचं दुसरं टोक कोण धरणार?

धाकटी : तू सोडून कुणीही.

ताई : सहाला उठव मला.

(दुसऱ्या दिवशी सकाळी, तिसऱ्या खुंटीपाशी मोजून झाल्यावर, कातळाच्या वरच्या अंगाला, धाकटीने वळसा घातलेल्या गवतात.)

ताई : सव्वादोन फूट. लिहिलं. माझ्या नावावरून हात फिरवून पाहिला, रंग काही निघत नाही.

धाकटी : काका ब्रश आणतील. जागची हलू नकोस. टिटवी डोक्यावर ओरडतेय, म्हणजे अंडी इथेच आहेत.

ताई : मला नुसते खडेच दिसतायत.

धाकटी : ते ठिपक्याठिपक्यांचे चार, ते खडे नाहीत.

ताई : अगं बाई. आणि शेजारी हा बुटाचा ठसा. बघ, कसे बेफिकीर असतात लोक. काही वाटत नाही त्यांना.

धाकटी : ताई.

ताई : काय?

धाकटी : तो शाळेचा बूट आहे. टाचेला चीर आहे बघ.

ताई : ...राहू दे. अंडी शाबूत आहेत ना, चल.

धाकटी : टेप लाव. अंड्यांपासून ठशापर्यंत.

ताई : सात इंच. पण हे वहीत कुठे लिहायचंय?

धाकटी : लिही. बूट कुणाचा तेही लिही.