कंसाच्या डोक्यावर हेरोदाचा मुकुट

मंडळी, एक विचारतो — गोष्ट आधी कोणी सांगितली, यावर देवाचा मोठेपणा ठरतो का? पेटीवाले, तुम्ही मान हलवू नका, तुम्ही सगळ्यालाच हलवता!

तर ऐका. वसईकडची एक आळी. दोन शेजारी, मध्ये कमरेएवढं कुंपण. इकडे हरबा — गोकुळाष्टमीला अंगणात गोकुळ मांडायचा. तिकडे बस्त्यांव — नाताळला येशूबाळाचा गोठा सजवायचा. आता गंमत बघा! मातीचं गाय-वासरू बस्त्यांवचं, ते अष्टमीला कुंपणावरून इकडे यायचं. आणि हरबाचा लाकडी कंस — डोळे लालभडक, मिशा अशा की वर कावळा बसावा! — तो नाताळला तिकडे जायचा. पागोटं काढलं, पत्र्याचा मुकुट चढवला — झाला हेरोद राजा! काम काय? तेच! पाळण्यातल्या पोराला भ्यायचं आणि गावची तान्ही मारत सुटायचं. कपडे बदलले, नोकरी कायम!

छान चाललं होतं हो. पण हरबा शहरात एक व्याख्यान ऐकून आला. — व्याख्यानं ऐकू नयेत मंडळी. कीर्तनात निदान प्रसाद मिळतो! — आला तो कुंपणापाशीच गरजला, "बस्त्यांव! दुष्ट राजा, तान्हं बाळ, रातोरात पळवणं — सगळं आमचं जुनं! तुम्ही उचललंत! यंदा कंस मिळणार नाही!"

"अस्सं? आणि आमच्या पुराण्या पोथीतला मिसरचा राजा फारो? तोही पोरंच मारायचा. तो काय तुझ्या माळ्यावरून उचलला? जा! अष्टमीला माझी गाय मागायला येऊ नकोस. म्हशीवर भागव!"

"भागवीन!"

नाताळची संध्याकाळ. गोठा तयार, राजा नाही! बस्त्यांवची बायको मोनूबाय म्हणाली, "अहो, माणूसच उभा करा." देवदूत व्हायला अख्खी आळी तयार! राजा व्हायला? मेव्हणासुद्धा म्हणे, "दाजी, मी मेंढरू होतो." पोरं रडकुंडीला आली — राजाच नाही, तर बाळाला वाचवायचं कोणापासून?

इतक्यात फजिती बघायला हरबा आला. गवताच्या पाळण्यात बाळ म्हणून बस्त्यांवची तान्ही नात निजवलेली. हरबानं मिशा पिळल्या, बोट नाचवलं, "हा पाळणा आमचा! ही गोष्ट आमची!"

पोरं किंचाळली, "हेरोद आला! हेरोद आला!" काय टाळ्या!

"अरे, मी हरबा—" म्हणत तो खाली वाकला, आणि नातीनं मिशीच धरली! सोडेना!

"बस्त्यांव, सोडव रे!"

"आधी सांग, ही नात कोणाकडनं उचलली?"

"तुझीच आहे बाबा! नाक बघ की, तुझंच मेलं!"

सुटला तो घरी पळाला, आणि लाकडी कंस काखोटीला मारून परत! "घे. यालाच उभा कर. हे काम मला नको."

बस्त्यांव म्हणाला, "राहू दे की. मिशा तुझ्याच बऱ्या."

मंडळी, कंस व्हायला पागोटं लागत नाही, हेरोद व्हायला मुकुट लागत नाही. पाळण्यासमोर 'आधी माझं' म्हटलं की झालं! पहिल्या रांगेत आज मिशा बऱ्याच दिसतात... वाका, जरूर वाका. पण माझं-तुझं घरी ठेवून वाका. नाहीतर तो पाळण्यातला मिशी धरतो — आणि मग सोडवायला शेजारीच लागतो!