मधल्या काळात काय करत होता

मी मूळचा गडमुडशिंगीचा. आमचं घर तिथलंच, कुठनं आलेलं न्हाय न् कुठं गेलेलं न्हाय. वडील दुसऱ्याच्या रानात राबायचे, आपली म्हणाल तर तुकडाभर जमीन, तीबी भावकीत. पोरानं उन्हात मरू नये म्हणून त्येनी मला आयटीआयला घातलं, टर्नरला. टर्नर म्हंजे लेथवर लोखंड फिरवायचं आन् पाहिजे त्या मापापत्तोर सोलत आणायचं, ऊस सोलतो तसं म्हणा की. काय सांगू तुमाला, पयल्यांदा माझ्या हातनं लोखंडाचा बुरा निळा पडून गोल गोल निघाला तवा मला वाटलं, सुटलो, आता आपलं काय अडत न्हाय.

नव्वदच्या पुढंमागं असंल, मी उद्यमनगरात कामाला लागलो. त्या वक्ताला उद्यमनगरात कागदबिगद काय नसायचं बघा. ह्या शेडच्या मालकानं त्या शेडच्या मालकाला सांगायचं, पोरगं बरं हाय, घे. च्याच्या गाड्यावर हुबं ऱ्हाऊन सगळं ठरायचं. माझंबी तसंच ठरलं. आमचे मालक लिंगायत, गडहिंग्लजच्या पल्याडचे, आमी सगळे त्येंना अण्णा म्हणायचो. आमच्याशी मराठीत बोलायचे, पर मनातल्या मनात काय मोजाय लागले की कानडी. शिव्याबी कानडीत द्यायचे, त्यामुळं आमाला लागायच्या न्हाईत. खंडेनवमीला सगळी मशिनं धुऊन पुसून हार घालायचो, अण्णांच्या घरनं जेवण यायचं, होळीगी म्हंजे आपली पुरणपोळी, वर ही तुपाची धार. मी तिथं सहा-सात वर्षं काढली. लई चांगली गेली. लगीनबी त्याच नोकरीवर झालं, सुमनच्या बापानं इचारलं पोरगा काय करतो, तर वडील म्हणाले अण्णांच्यात हाय. संपलं, पुढं कुणी काय इचारलं न्हाय.

मग मंदी आली. ऑर्डरी बंद झाल्या, एकेक लेथ इकला, शेवटाला शेडबी इकलं. अण्णांनी आमाला बोलवून च्या पाजला, वडे खायला घातले आन् म्हणाले, बाबानू, उद्यापासनं येऊ नगासा. मी म्हटलं अण्णा, एक चिठ्ठी तरी द्या, इतकी वर्षं काम केलं म्हणून. तर म्हणाले अरं चिठ्ठी कशाला, मी हाय की. मलाबी ते पटलं. न पटायला काय झालं हुतं, आजवर तसंच तर चालत आलं हुतं.

आन् त्याच साली वडलांच्या अंगावरनं वारं गेलं. उजवी बाजू सगळी गेली. आई आधीच गेलती, मी एकटा ल्योक. वडील अंगानं दांडगे, सुमनला काय ते उचलायचे न्हाईत. मग आमी दोघांनी ठरवलं, तिनं भांगलायला जायचं, लोकांच्या रानात, आन् मी घरात थांबायचं. गावात चेष्टा व्हायची, बायको रानात न् गडी चुलीम्होरं. होऊ दे म्हटलं. त्येंना उठवायचं, न्हायला घालायचं, कपडं बदलायचं, घास भरवायचा, ह्या कुशीचं त्या कुशीला करायचं. पाठीला जखम होऊ दिली न्हाय बघा, डाक्टर म्हणाला नर्सनंसुदिक इतकं केलं नसतं. हंगामाला वाईच सवड काढून शेजारच्या गुऱ्हाळावर जायचो, चुलवाणात चिपाडाचा जाळ घालायला. गुऱ्हाळ म्हंजे हाकेच्या अंतरावर, वडलांनी वरडलं की पळत यायचो. अशी दोन-तीन वर्षं गेली. मग ते गेले. माझ्या मांडीवर गेले, त्येचं समाधान हाय.

दिस घातलं आन् मी कामाला भाईर पडलो. गोकुळ शिरगावला एमआयडीसीत गेलो तर गेटवरचा वॉचमन म्हणाला पावणं, आता कंपनी डायरेक घेत न्हाय, एजन्सीतनं या. एजन्सी म्हंजे काय ते मला म्हाईत नव्हतं. शाहूपुरीत एका बेकरीच्या वर हाफिस हुतं, जिना चढताना पावाचा वास. वर एक म्याडम बसलेली, शिकलेली, बोलायला गोड. तिनं माझी सगळी माहिती घेतली, आयटीआय बघितलं, बरं म्हणाली, आन् मग थांबली. काका, इथं तुमचा गॅप दिसतोय, मधल्या काळात काय करत होता?

मी म्हटलं गॅप कसला, वडील हातरुणाला खिळले हुते. ती म्हणाली ते समजलं, पण तुम्ही काय करत होता? मी म्हटलं त्येंचं करत हुतो. ती म्हणाली, म्हणजे काही नाही. आन् तसं लिहिलं.

मला कससंच झालं. भांडावं असं न्हाय, ती काय वाईट बोलली नव्हती. पर मी गप बसलो न्हाय, म्हटलं गुऱ्हाळावरबी जात हुतो की. ती म्हणाली त्याचा दाखला आहे? आता गुऱ्हाळाचा दाखला कोण देतंय हो? मी म्हटलं म्याडम, दाखला न्हाय, पर हंगामात एकदा या, गरम काकवी पाजतो. ती हसली. मग म्हणाली, आणि त्याआधीच्या नोकरीचं लेटर? मला एकदम अण्णा आठवले. मी हाय की म्हणाले हुते न्हवं! म्हटलं लेटर कशाला, मी मालकांनाच घेऊन येतो.

आता हसताय तुमी. पर आमाला तेच बरोबर वाटलं, मला आन् अण्णांनाबी. अण्णा थकलेले, तरी इस्त्रीचा शर्ट घालून, टोपी घालून आले. त्यो जिना मधी दोनदा थांबून चढले. म्याडमनं खुर्ची दिली, पाणी दिलं, मान दिला न्हाय असं मी म्हणणार न्हाय. अण्णा म्हणाले, पोरी, ह्यो माझ्याकडं हुता, हात चांगला हाय, खाडा करत न्हाय, माझा शब्द घे. ती म्हणाली सर, कंपनीचं लेटरहेड लागेल. अण्णा म्हणाले शेड इकलं बाई, आता लेटरहेड कुठलं? ती म्हणाली मग आम्ही पडताळणी कशी करायची? अण्णा म्हणाले, अगं, मी बसलोय की तुझ्यापुढं.

तिनं कागदावर त्यो रकाना मोकळाच सोडला. करणार तरी काय, तिच्या हातात काय नव्हतं. अण्णा कानडीत कायतरी पुटपुटले, शिवी नव्हती ती, शिव्या मला समद्या पाठ हुत्या. खाली उतरताना माझ्या खांद्याला धरलं आन् म्हणाले, माझं कोण ऐकत न्हाय रं आता. मला वाटलं कशाला आणलं ह्या देवमाणसाला. माझं काम राहिलं बाजूला, त्येंचाच पाणउतारा झाला.

तरी पंधरवड्यात बोलावणं आलं. कागदावर हेल्पर, मशिनवर टर्नर. म्हंजे काम लेथचंच, पर पद हेल्परचं. मी म्हटलं असू दे, काम बघून करतील वर. कंपनी मोठी हुती, शेड कसं लख्ख, कँटीन, पाण्याचं मशिन. लई मन लावून काम केलं. काही म्हैनं झालं आन् एक दिवस सुपरवायझर म्हणाला, उद्यापासनं तुला ब्रेक. मला वाटलं सुट्टी दिली. खोटं कशाला सांगू, मटण घेऊन घरी गेलो. सुमन म्हणाली सणवार काय न्हाय, सुट्टी कसली? मी म्हटलं कंपनीनं दिलीया, मोठी कंपनी हाय. सुमनला न् आमच्या ल्हानग्या पोरीला घेऊन जोतिबाला जाऊन आलो. आठ-पंधरा दिसांनी गेटवर गेलो तर वॉचमन म्हणाला, पावणं, तुमचं नाव न्हाय.

मग एका जुन्या पोरानं समजावलं. सलग ठेवलं की माणूस पर्मनंटवर हक्क सांगतो, म्हणून मधी तोडायचं. तोडायचं आन् परत लावायचं, दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर. खरंच परत लावलं. तेच मशिन, त्योच सुपरवायझर, कार्ड तेवढं नवं. असं किती येळा झालं त्ये मी मोजलं न्हाय. मी कंपनी एकदाबी सोडली न्हाय, कंपनीनंच मला धरलं न् सोडलं, धरलं न् सोडलं. दरवेळी सुमन म्हणायची, परत बोलवतील न्हवं? मी म्हणायचो व्हय.

पुढं ती मोठी मंदी आली, अमेरिकेत कायतरी झालं म्हणं. पयली कुऱ्हाड आमच्यावर, ठेक्याच्या पोरांवर. ह्या येळचा ब्रेक संपलाच न्हाय. मग राजारामपुरीत एक नवी एजन्सी आलती, पुण्याची, तिकडं गेलो. एका नव्या कारखान्याला टर्नर पाहिजे हुते, ऑपरेटर म्हणून. आन् बघा, ऑपरेटर म्हणून लागलेल्याला वर्साभरानं पर्मनंट करणार हुते. हेल्परला त्ये न्हाय. मी म्हटलं आता आपली येळ आली, अनुभव हाय, हात हाय, वय अजून चाळिशीच्या अलीकडं हाय. सुमननं देवाला दिवा लावला.

त्या एजन्सीचा साहेब तरणा, एसीत बसलेला. माझे कागद चाळून म्हणाला, तुम्ही दर थोड्या महिन्यांनी नोकरी सोडलेली दिसते, स्थिर राहत नाही का? मी म्हटलं साहेब, मी एकाच जागी हुतो. तो म्हणाला इथं तर तीन वेगवेगळ्या ठेकेदारांची नावं आलटून-पालटून आहेत, आणि प्रत्येक दोन नावांमध्ये गॅप. मधल्या काळात काय करत होता? मी म्हटलं त्यो गॅप माझा न्हाय हो, त्यो कंपनीनंच पाडलाय. तो म्हणाला आवाज खाली करा. अहो, मी कुठं चढवला हुता, आमची बोलायची तऱ्हाच तशी! मी हळू आवाजात परत तेच सांगितलं, तर हळू आवाजात त्येला खोटं वाटायला लागलं.

मी म्हटलं त्या जुन्या कंपनीत फोन करा, सुपरवायझरला इचारा, माझ्याशेजारी हुबा असायचा त्यो. साहेबानं खरंच फोन लावला, माझ्यापुढं. पलीकडनं काय आलं ते मला ऐकू आलं न्हाय. फोन ठेवून म्हणाला, ते म्हणतात आमच्या पटावर असा माणूस कधी नव्हता.

सांजचं मी सुपरवायझरच्या घरी गेलो, उचगावात. त्येनं आत घेतलं, च्या पाजला, आन् माझ्याकडं न बघता म्हणाला, तू हुतास म्हणालो तर म्हणतील मग पटावर का न्हवता. माझीबी नोकरी हाय बाबा. त्येचं काय चुकलं सांगा. मी त्येच्या जागी असतो तर मीबी तेच केलं असतं. राग यायला समोर कोणतरी पाहिजे न्हवं? म्याडमवर काढू? त्या साहेबावर काढू? जो त्यो म्हणतो माझ्या हातात न्हाय, आन् खरंच नसतंय.

शेवटाला त्याच कारखान्यात लागलो, हेल्पर म्हणून. कागदावर लिहिलं, अनुभव न्हाय. मशिन मातूर माझा हात बघून दिलं, लेथच.

परवापासनं ब्रेक हाय. म्हणून तर तुमाला भरदुपारचा घरात घावलो, न्हायतर मी असतो हितं? परत बोलवतील बहुतेक. सुमन म्हणते, हे पावणं लिवून घेतायत त्येची एक परत मागून घ्या, त्यात कुठं कुठं काम केलं ते सगळं हाय, पुढच्या हाफिसात दाखवाय होईल. तिला वाटतं चालंल. न्हाय चालायचं, मला म्हाईत हाय. पर मागते हाय तर द्या एक, तिच्या मनाचं समाधान. तुमचं काम मातूर असंच चालू ऱ्हावं बघा, मधी खंड पडू नये. देवाकडं मी तुमच्यासाठी एवढंच मागतो.